एका विचाराची दोन घरं

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात एक शिलालेख आहे. लोक त्याला 'चौऱ्याऐंशीचा लेख' म्हणतात. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत आहे. ती बाजूला ठेवून लेख वाचला तर ती देणगीदारांची यादी आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात देवळाला कोणी काय दिलं, त्याची ही नोंद. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव तिच्यात आहे, त्याचा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख, हेमाद्री पंडित आहे. ज्याच्याकडे द्यायला होतं, त्याचं नाव दगडावर गेलं.

त्याच वर्षांत दामाशेटी शिंप्याच्या घरात एक मुलगा वाढत होता. शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे १२७० चा त्याचा जन्म. आईचं नाव गोणाई. घराणं मूळचं नर्सी-बामणीचं. कयाधू नदीकाठचं हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे आणि 'नर्सी नामदेव' याच नावाने ओळखलं जातं. मुलगा जन्मला नर्सीत की पंढरपुरात, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. काहींनी तर नर्सी कऱ्हाडच्या बाजूला शोधली. मराठवाड्याच्या माणसाने मात्र हा वाद कधीच मिटवून टाकला आहे. आषाढीची वारी करून आलेला इथला वारकरी वद्य एकादशीला, परतवारीला, नर्सीला जातो. पंढरीचं दर्शन नर्सीला आल्याशिवाय पुरं होत नाही, असं तो मानतो.

त्या शिंप्याच्या मुलाचं नाव चौऱ्याऐंशीच्या लेखात असण्याचं काही कारण नव्हतं. आज महाद्वारातून देवळात शिरणाऱ्या प्रत्येकाला मात्र पहिली पायरी त्याच्या नावाची लागते. दगडावरच्या यादीपासून या पायरीपर्यंत जे घडलं, त्यात एक विचार समाजात कसा शिरतो, कुठवर पोचतो आणि कुठे अडतो, हे फार स्पष्ट दिसतं. म्हणून ती गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते.

यादवांचं राज्य तेव्हा भरात होतं. रामचंद्रदेव १२७१ मध्ये गादीवर आला. हेमाद्रीने 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. कोणतं व्रत कोणत्या तिथीला करायचं, कोणतं दान कोणाला द्यायचं, श्राद्ध कसं घालायचं, याची इतकी तपशीलवार मांडणी त्याआधी क्वचितच झाली असेल. नुसती व्रतंच शेकड्यांनी. हा ग्रंथ म्हणजे त्या समाजाचा आराखडाच होता. त्यात प्रत्येकाची जागा ठरलेली. व्रत करायचं तर मंत्र हवा, मंत्राला ब्राह्मण हवा, ब्राह्मणाला दक्षिणा हवी. ज्याला दक्षिणा परवडत नाही त्याचं पुण्य कमी, आणि ज्याच्या हातचं दानही चालत नाही त्याने या हिशेबात यायचंच नाही.

या आराखड्याला त्या काळात एकट्या नामदेवांनी धक्का दिला असं नाही. चक्रधरस्वामींनी त्याआधीच मराठी बोलीत, बायाबापड्यांना समोर बसवून वेगळा धर्म सांगितला होता. १२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. पण ज्ञानेश्वरी हा ग्रंथ आहे. तो वाचायला वाचणारा लागतो, ऐकणाऱ्याला बसावं लागतं, आणि त्यातला बराच भाग समजून घ्यायला जन्म पुरत नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीत समाधी घेतली, तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. नामदेव त्यानंतर चोपन्न वर्षं जगले. ज्ञानेश्वरांनी जे मांडलं ते लोकांत नेण्याचं काम या चोपन्न वर्षांत झालं.

ही वर्षं काही शांत नव्हती. ज्ञानेश्वरांच्या समाधीच्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. पुढे मलिक काफूर आला. १३१८ च्या सुमारास यादवांचं राज्य संपलं. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानीच दौलताबादला आणली, आणि १३४७ मध्ये बहामनी राज्य उभं राहिलं. राजाच्या दानावर चालणारी देवळं, अग्रहार आणि पाठशाळा यांना या उलथापालथीत चटके बसले. नामदेवांनी जे उभं केलं होतं त्याला राजाचं दान लागतच नव्हतं.

ते होतं कीर्तन. आज आपल्याला कीर्तन इतकं ओळखीचं झालं आहे की त्याची रचना किती धाडसी होती हे लक्षात येत नाही. एक उभा राहणारा, त्याच्या हाती वीणा. मागे टाळकरी. पुढे माणसं, जितकी येतील तितकी. जागा म्हणाल तर वाळवंट, पार, अंगण, काहीही चालतं. भाषा घरातली. अभंग असा की धृपद दुसऱ्यांदा येतं तेव्हा न शिकलेला माणूसही ते म्हणू लागतो. म्हणजे ऐकणारा थोड्या वेळात गाणारा होतो. हेमाद्रीच्या व्यवस्थेत धर्म करणारा एक आणि ज्याच्यासाठी करायचा तो दुसरा. कीर्तनात हे दोघे वेगळे राहत नाहीत. वारकरी कीर्तनाची परंपरा आपला आरंभ नामदेवांपाशी मानते, याला ही जडणघडण कारण आहे.

यात आणखी एक सोय होती, आणि मला ती सगळ्यांत मोठी वाटते. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं. 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', 'नामयाची जनी' ही ती नाममुद्रा. कवीचं नाव जपलं जावं एवढाच तिचा उपयोग नाही. जो कोणी तो अभंग गाईल, मग तो कोणत्याही जातीचा असो, त्याला ते नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारावं लागतं, आणि त्याच्यामागे सगळ्या टाळकऱ्यांनाही. ज्या चोखोबांना देवळाच्या दारात उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांचं नाव घेतल्याशिवाय त्यांचा अभंग पुराच होत नाही. माणसाला आत घेतलं नाही, पण त्याचं नाव गाणाऱ्यांच्या जिभेवर बसून आत गेलं. दगडावरच्या यादीला मिळालेलं हे उत्तर होतं, आणि ते देण्यासाठी एक दमडीही लागली नाही.

नामदेवांच्या भोवती जमलेली माणसं पाहा. तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी, पंढरपूरचे नरहरी सोनार, सेना न्हावी, मंगळवेढ्याचे चोखामेळा. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा, हे सगळे महार आणि सगळे कवी. ब्राह्मण परिसा भागवत हे शिंप्याचे शिष्य. आणि जनाबाई. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणं यांतून तिने जे रचलं, ते आज गाथेत नामदेवांच्या अभंगांबरोबर उभं आहे. सोयराबाईंनी विटाळाचा प्रश्न थेट विचारला: देहच जर विटाळातून जन्मतो, तर सोवळं राहिलं कोण? तेराव्या-चौदाव्या शतकातल्या एका महार बाईने विचारलेला हा प्रश्न आपल्यापर्यंत पोचला, हीच मुळात मोठी गोष्ट आहे. त्या काळच्या बहुतेक राण्यांचंही काही बोलणं आपल्यापर्यंत आलेलं नाही.

कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले, याची परंपरेने चालत आलेली एक यादीही आहे, आणि ती जनाबाईंच्या नावावर आहे. तिच्यात चोखोबांचा लेखक म्हणून अनंतभट्ट हे नाव येतं. महाराने सांगायचं आणि ब्राह्मणाने लिहून घ्यायचं. हे घडलं असेल की लोकांना घडावंसं वाटलं असेल, ते वेगळं करता येत नाही. पण ज्या समाजाला अशी यादी रचावीशी वाटली, त्याच्या मनात हेमाद्रीच्या आराखड्याशेजारी दुसरा आराखडा तयार झाला होता, एवढं खरं.

नामदेव स्वतः इथपर्यंत एकदम आले नाहीत. आरंभीचे नामदेव पंढरीच्या मूर्तीत पुरते गुंतलेले. विठ्ठल म्हणजे विटेवरचा, आणि तो पंढरपुरातच. ही गाठ सुटली ती औंढा नागनाथला, आजच्या हिंगोली जिल्ह्यात. तेरला गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, आणि ते गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले, ही कथा घरोघर माहीत आहे. देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा झालो आहे, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही.

ही गोष्ट आपण अध्यात्माची म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. तिचा सामाजिक अर्थ फार टोकदार आहे. देव एका जागी असेल तर त्या जागेला दार असतं, दाराला राखणदार असतो, आणि कोणी आत यायचं हे राखणदार ठरवतो. देव सगळीकडे आहे म्हटल्यावर राखणदाराच्या हातात राखायला काहीच उरत नाही. विसोबांचे पाय फिरवता फिरवता नामदेवांच्या हाती ही गोष्ट लागली.

औंढ्याचीच दुसरी कथा याच्या पुढची आहे. नामदेव नागनाथासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांना ते खपलं नाही, त्यांनी नामदेवांना देवळाच्या मागे पाठवलं. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. औंढ्यात आजही नंदी देवळाच्या मागच्या बाजूला दाखवतात आणि ही कथा सांगतात. हीच घटना पंजाबातल्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांच्या नावावरच्या पदात आली आहे. तिथे ती आणखी उघडी आहे. आपण हसत-खेळत देवळात आलो, भक्ती करताना आपल्याला धरून उठवलं, कारण आपली जात हीन, असं ते पद सांगतं. देऊळ खरोखर फिरलं का, याचा खल करण्यात अर्थ नाही. अपमान खरा होता. मराठवाड्यात घडलेला तो अपमान पंजाबच्या ग्रंथात नोंदला गेला.

चोखोबांच्या बाबतीत देऊळ फिरलं नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं. महारांना वेठीला लावलं होतं, त्यात चोखोबाही होते. भिंत कोसळली आणि माणसं गाडली गेली. नामदेव तेव्हा सत्तरीकडे झुकले होते. ते मंगळवेढ्याला गेले आणि ढिगाऱ्यातली हाडं एकेक उचलून कानाशी लावली. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून ती पंढरपुरात आणली आणि महाद्वारासमोर पुरली. तिथे समाधी झाली. १३५० मध्ये नामदेवांनी देह ठेवला तो त्याच दारात, पायरीशी. परंपरा सांगते की घरची सगळी माणसं आणि जनाबाई त्यांच्याबरोबर होत्या. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून पायरी मागितली, असं आपण म्हणतो. पण जागेकडे नीट पाहिलं तर आणखी काही दिसतं. ज्याला आत जाता आलं असतं त्याने शेवटी दाराबाहेर, चोखोबांच्या समोरची जागा घेतली.

महाराष्ट्रातली या विचाराची झेप इथे थांबली. पंढरीच्या वाळवंटात सगळे एक. एकमेकांच्या पाया पडायचं, काल्याच्या दिवशी एकमेकांच्या तोंडात घास घालायचा. गावी परतलं की चोखोबाच्या जातीने वेशीबाहेर जायचं, पाण्याची जागा वेगळी, स्मशानाची जागा वेगळी. काला वर्षातून एक दिवस आणि गावगाडा बाकीचे सगळे दिवस. कीर्तनाच्या रिंगणात समाज नव्याने कल्पिला गेला, पण रिंगणाबाहेर त्याला पाय ठेवायला जमीन मिळाली नाही.

त्याच विचाराला दुसरं घर मिळालं ते पंजाबात. नामदेव उत्तरेला गेले, अनेक वर्षं राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव त्यांचं मानलं जातं. तिथल्या पदांमधला नामदेव निराकाराचा भक्त आहे. त्याचा राम कुठल्या विटेवर उभा नाही, म्हणजे औंढ्याचा धडा त्याने पुरता गिरवला आहे. काही अभ्यासक हा नामदेव वेगळाच मानतात. त्या पदांच्या हिंदवी भाषेत मधूनच डोकावणारी मराठी क्रियापदं मला त्या मताकडे जाऊ देत नाहीत.

पंजाबात पुढे जे झालं ते नामदेवांच्या पश्चात. गुरू नानकांचा जन्म १४६९ चा, म्हणजे नामदेवांना जाऊन सव्वाशे वर्षं होत आली होती. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात कबीर जुलाहा आला, रविदास चर्मकार आला, आणि नामदेव शिंप्याची ६१ पदं आली. ग्रंथात कबिरांचे दोन सुंदर श्लोक आहेत. त्यांत संत त्रिलोचन नामदेवांना विचारतो, कापड छापत काय बसला आहेस, रामाकडे लक्ष का देत नाहीस? नामदेव सांगतात, तोंडाने राम म्हण, हातपाय कामात असू देत. हेमाद्रीच्या ग्रंथात हाताने काम करणाऱ्याचं पुण्य खालचं. इथे कामच भक्तीच्या पंगतीला बसलं.

आणि पंगत ही तर शिखांनी खरोखरच बसवली. गुरू अमरदासांनी आधी लंगरात जेवायचं आणि मग गुरूची भेट घ्यायची असा दंडक घातला, असं शीख परंपरा सांगते. आपल्याकडे वर्षातून एकदा येणारा काला तिथे रोजचा झाला. ज्याला सर्वांबरोबर जेवायचं नाही त्याला भेट नाही. पदांना ग्रंथ मिळाला, ग्रंथाला गुरुद्वारा मिळालं, गुरुद्वाराला स्वयंपाकघर मिळालं. नामदेवांच्या कीर्तनात जे एका रात्रीपुरतं उभं राहायचं, ते तिथे चुलीसकट कायमचं उभं राहिलं.

मग पंजाबात जात गेली का? गेली नाही. तिथल्या कितीतरी गावांत दलित शिखांची गुरुद्वारं वेगळी आहेत, स्मशानं वेगळी आहेत. लंगरात बसलेला माणूस शेतावर परतला की जमीन कोणाची हा प्रश्न उरतोच. तरीही दोन्ही घरं शेजारी ठेवून पाहिली की एक फरक दिसतो. पंजाबात जात पाळणाऱ्याला आपल्या ग्रंथाच्या विरुद्ध जावं लागतं. आपल्याकडे जात पाळून वारी करता आली, आणि शतकानुशतकं तशीच केली गेली.

ही पदं मग परत आली, आणि कुठे आली ते पाहण्यासारखं आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला, गोदावरीच्या काठी, यापुढे ग्रंथच गुरू असं सांगून देह ठेवला. नर्सीहून नांदेड शंभर किलोमीटरच्या आसपास. नर्सीच्या शिंप्याचे शब्द पंजाब पालथा घालून, साडेतीनशे वर्षांनी, आपल्या गावाच्या शेजारी आले, तेही गुरूपदावर बसून. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात येणारे शीख यात्रेकरू नर्सीला जातात, तिथे गुरुद्वारा आहे. एप्रिल २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला झालं, तेव्हा महाराष्ट्राने या नात्याची मोठ्या प्रमाणावर दखल घेतली.

इकडे महाराष्ट्रात नामदेव टिकले ते कीर्तनकारांच्या बाडांत. ही बाडं म्हणजे कीर्तनासाठी लागणाऱ्या अभंगांच्या हाताने लिहिलेल्या वह्या. गुरूकडून शिष्याकडे, फडाकडून फडाकडे. त्यात नंतरच्या 'नामा' नावाच्या कवींचे अभंगही मिसळले, त्यामुळे शासनाने १९७० मध्ये गाथा छापली तेव्हा संपादकांसमोर निवडीचं अवघड काम होतं. ख्रिश्चन ली नोवेट्झके या अमेरिकी अभ्यासकाने नामदेवांवरच्या आपल्या २००८ च्या पुस्तकात हे मिसळणं दोष मानलं नाही. एखाद्या माणसाची आठवण लोकांनी मिळून जपायची तर ती अशीच जपली जाते, असं त्याचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हा वारसा पुन्हा वादात आला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर लिहिताना संतांना त्या उदयाची वैचारिक पायाभरणी करणारे ठरवलं आणि युरोपातल्या धर्मसुधारणेशी त्यांची तुलना केली. इतिहासकार राजवाड्यांनी संतांवरच निष्क्रियतेचा ठपका ठेवला. या दोघांपेक्षा नेमकी मांडणी डॉ. आंबेडकरांची. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' हे भाषण त्यांनी १९३६ मध्ये लिहिलं ते लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी, म्हणजे पुन्हा पंजाबच. मंडळाने ते होऊच दिलं नाही. गांधीजींच्या आक्षेपांना उत्तर देताना आंबेडकरांनी म्हटलं की संतांनी जातीविरुद्ध मोहीम उघडली नाही. देवापुढे सगळे समान असं त्यांनी सांगितलं, पण माणसामाणसांतल्या झगड्यात ते पडले नाहीत. शिवाय लोकांना शिकवण मिळाली ती अशी की जात मोडायची ती संताने, साध्या माणसाने नाही.

वाळवंट आणि गाव यांच्यातली फट याहून स्वच्छ कोणी दाखवली नाही. आणि याच आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं आपलं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या संतांना अर्पण केलं. टीका आणि कृतज्ञता या दोन्हींत विरोध आहे असं मला वाटत नाही. विचार अपुरा राहिला हे ज्याला दिसतं, तोच तो विचार पुढे नेऊ शकतो.

पायरी आणि गाभारा यांच्यातलं अंतर तुटलं ते १९४७ मध्ये. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून अस्पृश्यांना देवळं आणि विहिरी खुल्या करण्याचं आवाहन केलं. मग १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. १० मे रोजी विठ्ठलमंदिर खुलं करण्याचं मान्य झालं. चोखोबांच्या मृत्यूला तेव्हा ६०९ वर्षं झाली होती. सनातनी मंडळींनी विटाळ होण्याआधी विठ्ठलाचं तेज कलशातल्या पाण्यात काढून घेतलं, असंही सांगितलं जातं. ते ऐकताना औंढ्याचे विसोबा आठवतात. देव नसलेली जागा जी नामदेवांना सापडली नाही, ती या मंडळींनी स्वतःच्या गाभाऱ्यात तयार करायला घेतली. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या उमेदवारांकडून, स्त्रियांकडूनही, अर्ज मागवले.

हिंगोलीचा मुलूख १९४७ मध्ये निजामाच्या राज्यात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला आणि अस्पृश्यता संपवणारं संविधानाचं सतरावं कलम १९५० मध्ये इथेही लागू झालं. पण नामदेवांच्या या मुलखाने आणखी एक परीक्षा दिली आणि तीत तो नापास झाला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड आणि परभणी हे सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत होते, आणि हिंगोली तेव्हा परभणीतच होतं. नाव मिळायला, तेही विस्ताराच्या रूपात, १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. ज्या भूमीने 'चोखा म्हणे' शतकानुशतकं गायलं, तिला एका विद्यापीठावर आंबेडकरांचं नाव सोसवलं नाही. नामदेवांवर लिहिताना हे पान गाळून पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटतं.

१ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. आज इथल्या गावोगावी हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस कीर्तन, शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसादाची पंगत. कीर्तन हे नामदेवांनी दिलेलं पहिलं घर. पंगत हे त्याच विचाराचं दुसरं घर, जे पंजाबात रोजचं झालं. सप्ताहात ही दोन्ही घरं एका मांडवाखाली येतात, आणि आपल्या गावांकडे समाज नव्याने मांडण्याची याहून मोठी, याहून आपली वाटणारी संधी दुसरी नाही. कितीतरी गावांत महाप्रसादाला वरण किंवा आमटी एकत्र शिजते आणि भाकरी घरोघरून गोळा होते. त्या दिवशी गावाकडे पाहताना मला कीर्तनकार किती नामांकित आहे याची उत्सुकता नसते. वेशीपलीकडच्या वस्तीतल्या घरांची भाकरी मागायला कोणी गेलं होतं का, आणि ती बाकीच्या भाकरींच्याच टोपलीत पडली का, एवढंच मी विचारतो.